चार बोटं

दवाखान्यापर्यंतचा रस्ता आता डांबरी झाला आहे. एटापल्ली सोडल्यावर पूर्वी दीड तास लागायचा, या वेळी पस्तीस मिनिटे लागली. गाडीत माझ्यासोबत फिजिओथेरपीच्या चार विद्यार्थिनी होत्या. अडीच महिन्यांच्या कामासाठी त्यांना इथे सोडायचे होते. बारा वर्षांपूर्वी मीही एवढ्याच मुदतीसाठी इथे आले होते, जानेवारीच्या थंडीत, एसटीने, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन.

व्यायामाच्या खोलीचे दार ढकलले आणि आधी वास आला. तापवलेल्या मेणाचा वास. त्यात निलगिरीचा वास. आणि खाली, फरशीच्या अंगाने, सुकलेल्या मोहफुलांचा आंबूस गोड वास. पहिले दोन वास अशा कोणत्याही खोलीत असतात. तिसरा फक्त इथे आहे, आणि तो इथे कोणी आणला हे मला माहीत आहे. तो नाकात शिरला की जे जागे होते, त्याला आठवण म्हणण्याची सोय मी गेली काही वर्षे करून घेतली आहे. तो मत्सर आहे. बारा वर्षांत त्याचा वास बदललेला नाही.

रूपी मज्जी माझ्या वर्गात होती. तिचे गाव भामरागडच्या पलीकडचे. आश्रमशाळेत शिकून ती कॉलेजात आली होती. मी चंद्रपूर शहरातली. वडील वीज केंद्रात कामाला, खिडकीच्या चौकटीवर बसलेली काळी धूळ आई दिवसातून दोनदा पुसायची, आणि त्या पुसलेल्या चौकटीला टेकून मी पाठ करायचे. स्नायू कुठे सुरू होतो, कुठे संपतो, कोणती नस त्याला चालवते. वर्गात माझा पहिला क्रमांक कधी चुकला नाही. रूपी एका विषयात एकदा राहिली होती. या दोन गोष्टी आधी नोंदवते, कारण पुढचे सगळे त्यांच्या उलट घडले.

दुसऱ्या वर्षी आम्ही एकमेकींच्या हातापायांवर सराव करायचो. सांधा वाकवत न्यायचा, आणि जिथे तो थांबतो तिथे हाताला काय लागते ते सांगायचे. पुस्तकात त्यासाठी ठरलेले शब्द होते: कठीण, मऊ, चिवट. एका दुपारी सरांनी आखडलेल्या खांद्याचा एक पेशंट आणला आणि एकेकीला विचारले. मी म्हणाले, "चिवट." सर म्हणाले, "ठीक." रूपीने खांदा धरला, डोळे मिटले, तो पुन्हा एकदा हळूच वाकवत नेला. मग म्हणाली, "सर, ओला बांबू."

वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी तो खांदा पुन्हा स्वतः धरला, आणि त्यांचे हसू थांबले.

"वाळला बांबू असता तर?" त्यांनी विचारले.

"वाळल्याले वाकवत नाई, सर. तुटते. ओल्याले शेकायचं, धरून ठेवायचं. मंग तो आपल्यानंच येते."

त्या दिवशी मी वहीत 'चिवट' या शब्दापुढे 'ओला बांबू' असे लिहिले, आणि खोलीवर आल्यावर खोडले. इतके खोडले की मागच्या पानावर वळ उठला. ती वही अजून माझ्याकडे आहे.

इंटर्नशिपला आम्हा दोघींना इथेच पाठवले. दवाखान्यामागे एक खोली, दोन खाटा, एक खिडकी. पहाटे धुके खिडकीच्या गजापर्यंत येऊन थांबायचे आणि त्यातून कुणाच्या तरी घरचा मुसळाचा आवाज यायचा, आधी एक, मग दोन, मग एका तालात चार. रूपी चुलीवर पाणी ठेवायची आणि ते तापेपर्यंत हातांना मोहाच्या बियांचे तेल चोळत बसायची. जाड, उग्र वासाचे तेल. तो वास तिच्या पांघरुणाला होता, डब्याला होता, काही दिवसांनी माझ्या उशीलाही लागला. माझ्याकडे बाबांनी नागपूरहून आणलेले क्रीम होते. माझे हात तिच्यापेक्षा मऊ होते. पेशंट मात्र तिच्या टेबलापुढे बसून राहायचे. माझे टेबल रिकामे असले तरी बसून राहायचे. त्यांना वेळ असायचा.

मी त्याची कारणे मांडली होती. ती त्यांची भाषा बोलते. ती त्यांच्यासारखी दिसते. हे दोन्ही खरे होते, आणि दोन्ही पुरेसे नव्हते. कारण सिरोंचाकडचे तेलुगू बोलणारे म्हातारेबुवाही तिच्याच टेबलाशी बसायचे, आणि तिला तेलुगूचे चार शब्दही येत नव्हते.

मैनीबाई मात्र माझी होती. पहिल्याच आठवड्यात आली म्हणून माझ्या वाट्याला आली. पंचेचाळिशीची, बारीक, सरळ पाठीची बाई. जळाऊ लाकडांचा भारा घेऊन नाल्यात पडली होती. गुडघ्याजवळचे हाड जुळले होते, पण प्लास्टर फार दिवस राहिल्यामुळे गुडघा पंचावन्न अंशांवर अडकला होता. पंचावन्न अंशांत पाय जेमतेम वाकतो, एवढाच. मी चार आठवडे तिच्यावर काम केले आणि त्या पंचावन्नाचे शंभर केले. माझ्याकडे गोनिओमीटर होता, सांध्याचा कोन मोजायची दोन पात्यांची पारदर्शक पट्टी. वॉर्डातल्या बाया मला 'कंपासवाली' म्हणायच्या. मला ते आवडायचे नाही, पण त्यात नोंद होती की मी मोजते. रूपी मोजत नव्हती.

घरी सोडताना भरायच्या कागदावर चार ओळी होत्या. चालणे. खुर्चीवर बसणे. जिना चढणे. जिना उतरणे. दवाखान्याच्या ओसरीला तीन पायऱ्या होत्या, मी मैनीबाईला त्यांवरून सहा वेळा चढवले-उतरवले. वर पोचली की ती दर वेळी हसायची. मला वाटले, आनंदाने. चारही ओळींवर मी बरोबरची खूण केली आणि सही केली.

सहाव्या दिवशी ती परत आली. काठी टेकत दारात उभी राहिली, "जोहार" म्हणाली, माझ्या टेबलाजवळून गेली आणि रूपीसमोर जाऊन उभी राहिली. दोघी त्यांच्या माडिया बोलीत बराच वेळ बोलल्या. त्यात एकदा माझ्याकडे पाहून मैनीबाई हसली, तेच पायऱ्यांवरचे हसू.

"काय म्हणते?" मी विचारले.

"म्हणते, त्या पोरीनं मले लय जिना चढवला, पण आमच्या गावात जिनाच नाई." रूपी कागद उलटून पाहत होती. "तुज्या कागदावर खुर्ची आहे. हिच्या घरी खुर्ची नाई. हिले उकिडवं बसाचं आहे. मोह वेचाचा आहे."

"मग तिने सांगायचं होतं."

"तू इचारलं होतं का?"

"कोणत्या भाषेत विचारणार मी?"

"मले सांगाचं असतं. मी इचारून देली असती."

ती हे साधेपणाने म्हणाली. मी तिला सांगितले नव्हते, कारण सांगायचे म्हणजे तिला माझ्या टेबलाशी बोलवायचे. चार आठवडे मी एका बाईचा गुडघा धरून बसले होते आणि त्या गुडघ्याने तिला काय करायचे आहे हे मला ठाऊक नव्हते. ती चूक भाषेची नव्हती.

मैनीबाई पुन्हा वॉर्डात राहिली, आता रूपीची पेशंट म्हणून. दुसऱ्या दिवशी रूपीने आठवडी बाजारातून पायलीभर सुकी मोहफुले आणली आणि खोलीतल्या दोन समांतर दांड्यांच्या मधोमध फरशीवर टाकली. मैनीबाईने दांडे धरायचे, जमेल तेवढे खाली जायचे, आणि फुले वेचून टोपलीत टाकायची. आधी उंच स्टुलावर टेकून. मग बुटक्या स्टुलावर. मग तीन विटांवर, मग दोन. तिला या प्रकारावर खूप म्हणायचे होते. रूपी ते हसत मराठीत सांगायची: "म्हणते, झाडाखालचा पाला जाळला नाई, जागा झाडली नाई, असा मोह कोणी वेचते का? म्हणते, तुमचा दवाखाना लय आळशी आहे." वॉर्डातल्या बाया दारात गोळा व्हायच्या. कोणी गुडघ्याची, कोणी कमरेची, सगळ्या वेचायला लागायच्या. फुलांवर पाय पडून ती चिकट व्हायची, आणि दुपारच्या उन्हात खोलीला तो वास धरायचा. माझ्या टेबलाशी बसूनही तो यायचा. मी खिडकी उघडायचे, तर बाहेरून जाळलेल्या पाल्याचा वास आत यायचा. फेब्रुवारी संपत होता, जंगलात झाडाझाडाखालची जागा साफ होत होती.

मोजण्यासाठी रूपी बोटे वापरायची. पेशंटला पालथे झोपवायचे, पाय वाकवायचा, आणि टाच व ढुंगण यांच्या मधल्या फटीत बोटे आडवी लावायची. वीतभर. मग आठ बोटे. मग सात. हे माप मैनीबाईला कळायचे, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला कळायचे, स्वयंपाकीणबाईलाही कळायचे. सकाळी वॉर्डात कोणीतरी तिच्या पायाशी हात लावून बसलेले असायचे आणि बोटांवरून वाद चालू असायचा. "तुजी बोटं जाडी आहेत, तुजं माप धरायचं नाई." शंभर अंश म्हणजे काय, हे त्यांच्यापैकी कोणी मला कधी विचारले नव्हते.

मी तक्रार केली. दर शनिवारी अहेरीहून इंटर्नशिपवर देखरेख करणारे सर यायचे. त्यांना म्हणाले, "सर, रूपी गोनिओमीटर वापरत नाही. नोंदी बोटांत आहेत."

सरांनी रजिस्टर पाहिले. "मग तिच्या पेशंटची मापं तू घेत जा," ते म्हणाले. "आकडा तुझा, बोटं तिची. दोन्ही लिहा." आणि मैनीबाईचा जुना कागद वाचून त्यांनी एक नियमही केला: ज्याच्या घरी जमिनीवर बसायचे असते, त्याला एकशेतीस अंशांशिवाय सोडायचे नाही. नियम माझ्या चुकीतून निघाला होता, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होते.

त्यानंतर दर शनिवारी मी तिचे यश मोजायचे. पट्टीचा मध्य सांध्याच्या बाहेरच्या अंगाला, एक पाते मांडीच्या रेषेत, दुसरे घोट्याच्या हाडाकडे. एकशेआठ. एकशेपंधरा. एकशेबावीस. माझ्या अक्षरात आकडा, शेजारी तिच्या अक्षरात बोटे. असे काम कोणी शत्रूलाही देऊ नये. शत्रूला निदान चुकीचे मोजायची मुभा असते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मैनीबाईच्या गावाहून निरोप आला. गावचा पुजारी पंडुमचा दिवस ठरवतो. त्या दिवशी नव्या मोहाची पूजा होते आणि मगच गाव वेचायला बसते. पंडुम सोमवारी होता. मैनीबाईच्या घराची चार झाडे होती आणि वेचणारी ती एकटी. मुलगी आदल्या वर्षी लग्न होऊन गेली होती. मोह कोणासाठी थांबत नाही. पहाटे पडतो, ऊन चढेपर्यंत वेचला नाही तर गुरे खातात, हरणे खातात.

"शनिवारी एकशेतीस झाले तं रविवारी जाते," रूपी मला म्हणाली. "होईन ना?"

"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"तुले हातानं समजत नाई का वो?" ती थट्टेत म्हणाली. तिला ते लागेल असे वाटले नसावे.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मी मैनीबाईला पालथे झोपवले. बाहेर कोणी पिंप धूत होते, त्याचा आवाज आठवतो. खांद्याच्या व्यायामाची दोरी चाकावरून कुरकुरत होती. मी पाते लावले. एकशेबत्तीस. पुन्हा लावले. एकशेबत्तीस. सर खिडकीपाशी चहा घेत होते. रूपी वेचलेली फुले सुपात पाखडत होती, माझ्याकडे तिची पाठ होती. मी रजिस्टर ओढले आणि एकशेबावीस लिहिले. गेल्या शनिवारचाच आकडा. अक्षर नेहमीसारखे आले.

सरांनी पान पाहिले. "सुधारणा थांबली आहे. आणखी एक आठवडा ठेवू."

रूपी आली, तिने मैनीबाईचा पाय वाकवला, बोटे लावली. मग माझ्या आकड्याशेजारी तिने तिचे माप लिहिले. ती माझ्याकडे पाहत होती की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी पट्टी पुसत होते.

रविवारी सकाळी वॉर्डातली खाट रिकामी होती. घोंगडी घडी करून ठेवली होती. काठी माझ्या खुर्चीला टेकवून ठेवली होती, विसरलेली नाही, ठेवलेली. मी नोंद केली: सल्ल्याविरुद्ध गेली. सोमवारी रूपी दुपारपर्यंत खोलीत नव्हती. कुठे गेली होती हे मी विचारले नाही. बुधवारी आमची मुदत संपली. परतीच्या वाटेवर प्रत्येक गावाबाहेर झाडांखाली वाकलेल्या पाठी दिसत होत्या, आणि त्यांतली एखादी अर्ध्यावर अडकलेली आहे का हे पाहायला लागू नये म्हणून मी आतल्या बाजूच्या सीटवर बसले होते.

पदवीनंतर रूपी इथे नोकरीला आली. मी नागपूरला पुढचे शिक्षण घेतले आणि शिकवायला लागले. मोजमाप हा माझा विषय आहे. दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलींना सांगते की घरी काय करायचे आहे हे पेशंटला आधी विचारा, आणि मगच पट्टी हातात घ्या. त्या हे माझे वाक्य म्हणून लिहून घेतात. बारा वर्षांत रूपीशी फोनवर तीन-चारदा बोलणे झाले. मैनीबाईला झाडाखाली बसता आले का, हे मी एकदाही विचारले नाही.

"आली का कंपासवाली," रूपी म्हणाली. तिला आता चष्मा आहे. केस कानांपाशी पांढरे झालेत. माझा हात तिने दोन्ही हातांत धरला. तेच तेल. माझ्या चौघी पिशव्या खाली ठेवून तिच्याभोवती कधी जमल्या ते कळले नाही. मी त्यांना तीन वर्षे शिकवले आहे. माझ्याकडे पाहताना त्या वही उघडतात. तिच्याकडे त्या नुसत्या पाहत होत्या.

"ताई, आम्ही कुठून सुरू करायचं?" एकीने विचारले.

"नव्या पोरी आल्या का एका पानापासून सुरू करते मी," रूपी म्हणाली, आणि कपाटातून जुने रजिस्टर काढले. कडा खाल्लेल्या, पाठीला पांढरी चिकटपट्टी. ते कोणते रजिस्टर आहे हे मला लांबूनच कळले. तिला पान शोधावे लागले नाही, तिथे खूण घातलेली होती.

"एका बाईचा गुडघा आहे. इकडं अंश, इकडं बोटं. यातली एक ओळ चुकली आहे. सांगा."

चौघींची डोकी पानावर झुकली. पहिल्या बाकावर बसणारी, नेहमी आधी हात वर करणारी मुलगी लगेच म्हणाली, "शेवटची. आधीच्या शनिवारी एकशेबावीस अंश आणि सात बोटं. या शनिवारी एकशेबावीसच अंश आणि चार बोटं. तोच कोन असताना फट कमी होणार नाही."

"मंग चुकलं काय? बोटं का आकडा?"

"आधीचं प्रत्येक माप जुळतंय. चार बोटांना एकशेतीसच्या वर हवं. आकडा चुकला."

"हो. पण घरी सोडाचं तं त्याच आकड्यावर होतं. एकशेतीस पाहिजे होते."

"मग पेशंट थांबली?"

"कायची थांबते. तिले तिची चार बोटं मालूम होती. रविवारी चालत गेली, सोमवारी झाडाखाली बसली. मी जाऊन पाह्यलं. दोन टोपल्या वेचल्या तिनं, आणि मलेच म्हणते, तू काऊन उभी आहेस, वेच." रूपी हसली. "गेल्या सालीही वेचून राह्यली होती."

मी भिंतीला टेकले. बारा वर्षे ज्या बाईला मी मनात अर्ध्यावर अडकवून ठेवले होते, ती सोमवारीच बसली होती. सुटका वाटायला हवी होती. त्याआधी दुसरेच काही वाटले: माझे वाईटही तिथे कोणाला अडवू शकले नव्हते.

"आता सांगा," रूपी मुलींना म्हणाली, "मापणारी हुशार होती. पट्टीही चांगली होती. मंग आकडा काऊन चुकला असंन?"

"पट्टीचा मध्य सरकला असेल."

"पेशंटने कंबर उचलली असेल."

"लुगड्याचा घोळ मध्ये आला असेल."

"गेल्या आठवड्याचा आकडा डोक्यात राहिला असेल. नजरचूक."

प्रत्येक उत्तराला रूपी मान हलवत होती. ती वर्षानुवर्षे हीच उत्तरे ऐकत आली असणार. दर वर्षी नव्या मुली, दर वर्षी माझ्या त्या ओळीसाठी निरपराध कारणे शोधणार, आणि रूपी ती ऐकून घेणार. मापणारीचे नाव तिने सांगितले नाही. माझ्याकडे पाहिलेही नाही. खांद्याच्या दोरीवर एक म्हातारबुवा व्यायाम करत होते, चाक तसेच कुरकुरत होते.

"नजरचूक नाही," मी म्हणाले. चौघी वळल्या. "ते अक्षर माझं आहे. मी एकशेबत्तीस वाचलं होतं. दोनदा. लिहिताना एकशेबावीस लिहिलं, कारण ही पेशंट आधी माझी होती आणि बरी हिच्याकडे झाली."

पहिल्या बाकावरच्या मुलीने माझ्याकडे पाहिले, मग पानाकडे. चाकाचा आवाज थांबला होता. म्हातारबुवाही ऐकत होते.

रूपीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"हे कारण आजपर्यंत कोणत्याच बॅचनं नाई सांगितलं," ती म्हणाली. मग मुलींकडे वळली. "वह्या काढा. लिहून घ्या."